लॅब्राडोराइटचा निळा रंग घरी आल्यावर कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा: प्रदर्शनातून चांदीच्या कोंदणातलं लॅब्राडोराइटचं अंडाकृती पेंडंट घेतलं. स्टॉलवर ते मोराच्या मानेसारखं निळं-हिरवं चमकत होतं. घरी येऊन गळ्यात घातलं तर राखाडी, पाटीच्या दगडासारखं. खडा खोटा आहे का? वरून काही लेप दिला होता आणि तो उतरला का? आणि मग जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: "मुलीने पेंडंट उलटं धरून ट्यूबलाइटखाली नेलं तेव्हा एकदम पेटल्यासारखं झालं."

मला उत्तराचा मोठा भाग त्या शेवटच्या वाक्यातच दिसतो. गेली बावीस वर्षं मी खडे घासतो, त्यातली बरीचशी अशाच कोनावर चमकणाऱ्या दगडांवर गेली आहेत. तुमचा खडा माझ्या हातात नाही, त्यामुळे शंभर टक्के खात्रीने बोलणार नाही. पण लिहिलंय त्यावरून खडा खरा आहे, रंगही जागेवर आहे. तो फक्त चुकीच्या दिशेला तोंड करून बसलाय. हे बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं. कसं ते सांगतो, पण आधी हा रंग येतो कुठून ते समजून घ्या, म्हणजे कारागिराशी बोलताना अडचण येणार नाही.

माणकाचा लाल किंवा पाचूचा हिरवा रंग दगडाच्या अंगात असतो. पांढऱ्या प्रकाशातला काही भाग दगड शोषतो आणि उरलेला आपल्याला दिसतो. लॅब्राडोराइटमध्ये निळ्या रंगाचं द्रव्य औषधालाही नाही. त्याचा अंगचा रंग तुम्हाला घरी दिसतो तोच, राखाडी. हा फेल्डस्पार (खडकांत सर्रास सापडणारं खनिज) जातीचा दगड. वितळलेल्या खडकातून थिजताना तो एकजीव असतो, पण पुढे फार सावकाश थंड होताना आतल्या आत दोन प्रकारच्या थरांत विभागला जातो. एका थरात कॅल्शियम जरा जास्त, पुढच्यात जरा कमी, पुन्हा जास्त, पुन्हा कमी. हे थर साधारण शंभर-दीडशे नॅनोमीटर जाडीचे असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाचशेहून अधिक थर मावतील. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परत फिरतो. ज्या रंगाच्या लहरी एकमेकींशी जुळतात तो रंग जोरात उठतो, बाकीचे एकमेकांना मारतात. मोरपिसातही निळ्या रंगाचं द्रव्य नसतं, तिथेही बारीक रचनाच रंग घडवते. म्हणून बाजारात या दगडाच्या झळाळीला मोरपंखी म्हणतात ते अगदी योग्य वाटतं.

काही जण याची तुलना धूपछाव पैठणीशी करतात. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर हलला की छटा बदलते. पण तिथे दोन्ही धागे रंगवलेले असतात, त्यामुळे कुठूनही पाहिलं तरी एक ना एक रंग दिसतोच. लॅब्राडोराइट कोनात असेल तरच रंग देतो, नाहीतर काहीच देत नाही. या बाबतीत तो आरशासारखा आहे. लहानपणी आरशाने भिंतीवर कवडसा पाडलाय ना? तसंच समजा की तुमच्या खड्याच्या पोटात एक निळा आरसा आहे. दिवा, तो आरसा आणि बघणाऱ्याचा डोळा जुळले की कवडसा डोळ्यात येतो. जुळले नाहीत तर तोच कवडसा जमिनीवर, छतावर किंवा दगडाच्या आतच कुठेतरी जातो.

आणि आतला हा आरसा खड्याच्या वरच्या पृष्ठभागाला समांतर असेलच असं नाही. दगड कापणाऱ्याने जसा कापला तसा तो तिरका बसतो. सगळा खेळ या तिरकेपणाचा आहे.

आता पेंडंटकडे येऊ. गळ्यातलं पेंडंट उभं लटकतं. घरातला दिवा छताला किंवा भिंतीवर उंच असतो. बघणारा समोर उभा असतो. म्हणजे प्रकाश वरून तिरका येणार आणि तो समोर सरळ फेकला गेला पाहिजे. खड्याच्या पृष्ठभागावर काटकोनात एक काडी उभी आहे असं धरा. दिव्याचा प्रकाश त्या काडीपासून, समजा, ६५ अंश तिरका येतोय. दगडात शिरताना तो वाकतो, पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते तसा. लॅब्राडोराइटचा अपवर्तनांक, म्हणजे दगड प्रकाशाला किती वाकवतो ते सांगणारा आकडा, साधारण १.५६ आहे, त्यामुळे आत गेल्यावर हा कोन ६५ वरून ३५-३६ वर येतो. आता हा प्रकाश सरळ समोर पाठवायचा तर आतला आरसा त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १८ अंश, वरच्या बाजूला कललेला हवा. वरच्या बाजूला, म्हणजे दिव्याकडे तोंड करून.

हाच खडा कोंदणात उलटा बसवला तर? तोच १८ अंशांचा कल आता खाली, जमिनीकडे होतो. वरून आलेला प्रकाश त्या आरशावर आपटून आतल्या आत इतका तिरका होतो, काडीपासून सत्तर अंशांच्या पलीकडे, की समोरच्या पृष्ठभागातून बाहेरच पडू शकत नाही. या दगडात ४० अंशांच्या पुढे गेलेला प्रकाश पृष्ठभागावरून पुन्हा आत परततो. तो तिथेच फिरून विझतो आणि समोरच्या माणसाला नुसता राखाडी दगड दिसतो. खड्याला घुमट असेल तर या आकड्यांत थोडा फरक पडेल, पण दिशा तीच राहते.

तुमच्या मुलीने पेंडंट उलटं धरलं तेव्हा नकळत आतला आरसा दिव्याकडे वळवला. म्हणून तो पेटला.

मग स्टॉलवर कसा चमकला? ट्रेमध्ये खडा आडवा पडलेला असतो, वर आठ-दहा स्पॉटलाइट वेगवेगळ्या दिशांनी रोखलेले असतात आणि तुम्ही वाकून बघत असता. दहा दिव्यांपैकी एखाद्याचा कोन जमतोच. विक्रेता हातात घेऊन हलवून दाखवतो तेव्हा तर जमणारच. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, दगड तसाच दाखवला जातो. पण गळ्यात गेल्यावर दिवा एकीकडे, डोळा एकीकडे आणि खडा एकाच स्थितीत. म्हणून पेंडंट घेताना मी गिऱ्हाइकाला सांगतो, आधी ते छातीशी धरून आरशात बघा. आरशातलं तुमचं प्रतिबिंब म्हणजे समोरचा माणूसच. तिथे दिसलं तर घ्या.

घरच्या दिव्याचाही यात वाटा आहे. जिल्हई (पॉलिश) दिलेल्या पृष्ठभागावरून समोरून पडणाऱ्या प्रकाशातला साधारण ५ टक्के भाग तसाच परत फिरतो, तिरक्या कोनात त्याहून जास्त. पांढऱ्या भिंती, पांढरं छत आणि लांबलचक ट्यूबलाइट असली की खड्यावर सगळ्या खोलीचं फिकट प्रतिबिंब पसरतं आणि आतली झळाळी त्याखाली दबते. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना खिडकीतही हेच होतं, सगळीकडून सारखा प्रकाश येतो. याच दगडाला सकाळचं कोवळं ऊन किंवा एकच लहान बल्ब द्या, मग बघा.

आता घरी करायची तपासणी. पाच मिनिटांचं काम आहे आणि खडा काढण्याआधी ती जरूर करा. रात्री खोलीतले बाकी दिवे बंद करून एकच लावा, शक्यतो तुमच्या डोक्याच्या वर आणि थोडा पुढे असलेला. पेंडंट साखळीतून काढा आणि डोळ्यांच्या पातळीवर उभं धरा, गळ्यात असतं तसं. आता घड्याळाच्या काट्यासारखं ते हळूहळू फिरवा, तोंड मात्र तुमच्याकडेच ठेवा. कुठल्या स्थितीत पेटतं ते बघा. साखळीची कडी खाली सहाच्या आकड्यावर आल्यावरच पेटत असेल तर माझा अंदाज बरोबर, खडा कोंदणात १८० अंश फिरवला की काम झालं. कडी तीनवर किंवा नऊवर असताना पेटत असेल तर जरा अवघड आहे. अंडाकृती खडा नव्वद अंशात फिरवून त्याच कोंदणात बसत नाही, कोंदण नवं करावं लागेल किंवा तेच पेंडंट आडव्या घडणीत बदलावं लागेल. कशाही स्थितीत पेटत नसेल आणि फक्त टॉर्च अगदी कडेला टेकवून त्याच बाजूने पाहिल्यावर दिसत असेल, तर आतला आरसा फारच तिरका आहे. तो दगड मुळात चुकीचा कापला गेलाय, मग फिरवून फारसा उपयोग नाही.

फिरवताना अजून एक गोष्ट बघा, खरं-खोटं तिथेच कळतं. पृष्ठभागाची साधी चमक घुमटावरून सरकत जाते, दिव्याचा ठिपका पुढे पुढे पळतो. आतली झळाळी तशी सरकत नाही. एक सबंध पट्टा किंवा पूर्ण खडा एकदम पेटतो आणि दोन-चार अंश फिरवलं की एकदम विझतो. आयग्लास, म्हणजे १० पटीचं भिंग, लावून बघितलं तर त्या निळ्या पट्ट्याला छेदणाऱ्या बारीक काळ्या रेघा, सुयांसारखे कण दिसतात. रंग त्यांच्याखाली, दगडाच्या आत असल्याचं कळतं. लेप दिलेल्या काचेवर किंवा स्फटिकावर रंग अगदी वरच्या सालीला असतो, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा, आणि कडेला किंवा ओरखड्यावर तो उडालेला दिसतो. लॅब्राडोराइट मुळात फार महाग दगड नाही. त्याची नक्कल करायला कुणी फारसं बसत नाही, माझ्याकडे खोटा म्हणून आलेले बहुतेक खडे खरेच निघाले आहेत.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण चूक कुठे होते ते त्यातून कळेल. कच्च्या लॅब्राडोराइटची चकती आली की मी आधी ती पाण्यात बुडवतो. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, पाणी ते खड्डे भरून टाकतं आणि आतलं दिसायला लागतं. मग अंधारात एकच दिवा डोक्यामागून येईल असा ठेवून चकती सगळ्या बाजूंनी कलवतो. झळाळी ज्या कोनात सगळ्यात जोरदार उठते तिथे थांबतो आणि चकतीवर पेन्सिलने बाण काढतो. त्या बाणावरूनच तळ ठरतो, कडा ठरतात, 'वर' कुठे आणि 'खाली' कुठे ते ठरतं. पुस्तकी नियम असा की तळ आतल्या थरांना समांतर ठेवावा. अंगठीसाठी तो बराच चालतो, हात हलता असतो आणि बघणारा वरून बघतो. पण अगदी समांतर ठेवलं तर आतली झळाळी आणि वरची चमक एकाच दिशेला जातात आणि एकमेकींवर चढतात, म्हणून तिथेही मी चार-पाच अंश सोडतो. पेंडंट आणि कानातल्यांसाठी पंधरा अंशांच्या आसपास कल ठेवतो आणि तळावर मार्करने वरच्या टोकाला ठिपका देतो. यात दगड जास्त वाया जातो. वजनावर मजुरी ठरणाऱ्या कामात म्हणूनच अनेक जण चकतीत बसेल तेवढा मोठा अंडाकार काढून मोकळे होतात, झळाळी कुठेही जावो.

ठिपका द्यायची सवय मला एका जोडीने लावली. एकाच चकतीतून कानातल्यांसाठी दोन अंडाकृती खडे काढले होते, शेजारी शेजारी, जुळ्या भावंडांसारखे. माझ्या बाकावर दोन्ही सारखेच पेटत होते. घडवून आल्यावर गिऱ्हाईक बाई परत आल्या, एक कान निळा आणि दुसरा राखाडी. जडणाऱ्याने एक खडा सरळ आणि एक उलटा बसवला होता. त्याचा दोष नव्हता, अंडाकृती खड्याचं वरचं टोक कुठलं हे त्याला कळणार कसं? मी सांगायला हवं होतं. खडा काढून फिरवला आणि दोन्ही कान पेटले. त्या दिवसापासून ठिपक्याशिवाय एकही खडा माझ्याकडून जात नाही.

तुम्ही असंही विचारलंय की पेटतो तेव्हा तो कधी हिरवट, कधी निळा का दिसतो. थरांमध्ये प्रकाश जितका तिरका जाईल तितकी लहान लहर जुळते, म्हणून सरळ बघताना हिरवा दिसणारा भाग कलवल्यावर निळ्याकडे झुकतो. पण दगडात शिरताना प्रकाश वाकत असल्याने आत फार तिरका तो होऊच शकत नाही, त्यामुळे रंगाची ही सरक मर्यादित राहते. एकाच खड्यात पिवळा, हिरवा, निळा असे वेगवेगळे पट्टे दिसतात ते मात्र थरांची जाडीच जागोजागी वेगळी असल्यामुळे. निळा पातळ थरांचा, पिवळा-नारिंगी जाड थरांचा. निव्वळ निळा खडा कसाही फिरवला तरी नारिंगी होणार नाही.

ही झळाळी लोकांना फार पूर्वीपासून कोड्यात टाकत आली आहे. दगडाला नाव मिळालं ते कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरून. तिथल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांमार्फत १७७०च्या दशकात तो युरोपात पोचला. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांना अशा दगडांचं विलक्षण वेड होतं. नोबेल मिळून वीस वर्षं झाल्यावर, १९५०च्या सुमारास, बंगळूरला त्यांनी सहकाऱ्यांसोबत लॅब्राडोराइट आणि श्रीलंकेच्या चंद्रकांत मण्यावर (मूनस्टोनवर) शोधनिबंध प्रसिद्ध केले, पुढे ओपलवरही. जो माणूस समुद्राचा निळा रंग कुठून येतो म्हणून अडून बसला होता तो या दगडाकडेही वळला, याचं मला मनापासून बरं वाटतं.

चंद्रकांत मण्याचा उल्लेख आलाच आहे तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: घरातली मूनस्टोनची अंगठी काळ्या कपड्यावर निळी आणि पांढऱ्यावर फिकी का दिसते? तो फेल्डस्पारच आहे, पण जवळजवळ पारदर्शक. त्याच्या आतले थर निळा प्रकाश परत फेकतात आणि उरलेला आरपार जाऊ देतात. तो मणी खिडकीसमोर धरून त्यातून आकाशाकडे बघा, निळ्याऐवजी मधासारखी फिकट पिवळसर झाक दिसेल. निळं निघून गेल्यावर उरलेलं ते. पांढऱ्या कपड्यावर ते उरलेलंही खालून परतून वर येतं, निळ्यात मिसळतं आणि सगळं पांढुरकं होतं. काळा कपडा ते गिळून टाकतो. म्हणून काही जण अशा खड्याच्या मागे काळा रंग देतात. सांगून दिला असेल तर त्यात गैर काही नाही. लॅब्राडोराइटला ही गरज पडत नाही, त्याचं राखाडी अंगच तो काळा कपडा असतो.

लसण्याचीही (कॅट्स आयची) चौकशी तुम्ही केलीत, त्यावर थोडंसं. त्याच्या आत समांतर सुया किंवा पोकळ नळ्या असतात आणि त्यांना आडवी अशी प्रकाशाची रेघ उठते, रेशमी दोऱ्याच्या रिळावर उठते तशी. रेघ बारीक हवी तर घुमट उंच लागतो. ती मधोमध यायची तर तळ सुयांना समांतर हवा. हा खडा एकाच दिव्याखाली बघायचा. दोन दिवे असतील तर दोन रेघा दिसतात आणि दुकानातल्या आठ स्पॉटखाली नुसता गोंधळ होतो. चांगल्या लसण्यावर बाजूने प्रकाश टाकला तर रेघेच्या एका अंगाला दुधाळ आणि दुसऱ्या अंगाला मधाळ रंग दिसतो, दिवा दुसऱ्या बाजूला नेला की दूध आणि मध जागा बदलतात. ताऱ्याच्या नीलमातही तत्त्व हेच, फक्त सुया तीन दिशांना, म्हणून सहा किरण. अलेक्झांड्राइट मात्र या घरातला नाही. तो दिव्याचा प्रकार बदलला की रंग बदलतो, उन्हात हिरवा आणि पिवळ्या बल्बखाली लालसर. आयोलाइटही वेगळा, तो एका दिशेने जांभळा-निळा आणि दुसऱ्या दिशेने जवळजवळ पाण्यासारखा दिसतो, आणि तो अंगचा रंग असतो, परतलेला कवडसा नव्हे.

आता कारागिराकडे जाताना. कोंदण बंद पट्टीचं असेल तर पट्टी उचलताना जपावं लागेल. लॅब्राडोराइटला दोन दिशांना सरळ चिरण्याची सवय असते, चाकूची टोकदार दाबणी कडेला बसली की कपची उडते. क्लॉ सेटिंग, म्हणजे नखांसारख्या आकड्यांनी खडा धरलेला, असेल तर काम सोपं. खडा डिंकाने चिकटवलेला असेल तर आधी तो सोडवावा लागेल, ओढून काढू देऊ नका. काही झाळायचं असेल तर खडा बाहेर काढूनच, आच लागली की आतल्या चिरा उघडतात. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही घालू देऊ नका. दगडाची कठीणता ६ ते ६.५ आहे आणि आपल्या घरातल्या धुळीत ७ कठीणतेचे वाळूचे कण असतात. त्यामुळे कोरड्या फडक्याने पुसण्याऐवजी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. वर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसत असेल तर त्याच फेरीत जिल्हई करून घ्या, मंदावलेली झळाळी त्यानेही बरीच वर येते.

आणि खडा काढण्याआधी तुमच्या घरच्या दिव्याखाली तो सगळ्यात छान पेटतो त्या स्थितीत धरून, वर आलेल्या टोकाला मार्करने एक ठिपका द्या. कारागिराला एवढंच सांगा की हा ठिपका साखळीच्या कडीकडे आला पाहिजे. बसवून झाल्यावर तिथेच गळ्याशी धरून आरशात बघा. ठिपका थोड्या स्पिरिटने पुसला जातो.